रुपये होते, डॉलर नव्हते: श्रीलंकेची सरकारी रुग्णालयं कशी अडली

मार्च २०२२ चा शेवटचा आठवडा. श्रीलंकेत कँडी शहराला लागून पेराडेनिया आहे आणि तिथे विद्यापीठाशी जोडलेलं मोठं सरकारी रुग्णालय आहे. त्या सोमवारी रुग्णालयानं ठरलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. जिवावर बेतलेल्या केस तेवढ्या घेऊ, बाकीच्यांनी थांबा. सर्जन कामावर होते, सिस्टर होत्या, थिएटर शाबूत होतं. संपत आली होती ती औषधं, आणि त्या यादीत एक नाव होतं निओस्टिग्मिन.

हे नाव आपल्यापैकी फारशा कुणी ऐकलेलं नसतं, पण पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या कितीतरी जणांच्या शिरेतून ते गेलेलं असतं. पोट उघडायचं तर रुग्णाला नुसतं झोपवून भागत नाही. पोटाचे स्नायू ताठ राहिले तर सर्जनला आत हात घालता येत नाही, म्हणून स्नायू ढिले करणारं वेगळं औषध देतात. त्यानं छातीचे, श्वासाचे स्नायूही ढिले पडतात, म्हणून तेवढा वेळ मशीन श्वास देतं. काम संपलं, टाके घातले, की स्नायूंना परत जागं करावं लागतं. ते काम निओस्टिग्मिनचं. जुनं औषध, बोटाच्या पेराएवढी ऍम्प्यूल, किंमत किरकोळ. ती नसेल तर भूलतज्ज्ञाची अवस्था अभिमन्यूसारखी होते: आत शिरायचं ठाऊक आहे, बाहेर यायची वाट नाही. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे, असर आपोआप उतरेपर्यंत रुग्णाला मशीनवर ठेवून वाट बघता येते. पण एकेका रुग्णामागे मशीन आणि माणूस असा अडकवून ठेवला तर दिवसाच्या दहा शस्त्रक्रियांच्या दोन होतात.

देशाचं दिवाळं निघालं की रुग्णालयं ‘कोसळतात’ असं आपण वाचतो आणि डोळ्यांसमोर कुलूप लावलेलं फाटक येतं. श्रीलंकेत फाटक एकदाही बंद झालं नाही. आतली एकेक बारीक वस्तू संपत गेली. ती का संपली, हे समजायला बँकेच्या काउंटरपर्यंत जावं लागतं.

आधी ही सरकारी आरोग्यव्यवस्था काय चीज होती ते बघू. श्रीलंकेनं १९५१ मध्ये सरकारी दवाखान्यातली फी काढून टाकली. पुढे सत्तरच्या दशकात पंचवीस सेंटचं, म्हणजे त्यांच्या पाव रुपयाचं, तिकीट लावून बघितलं, पण ते फार टिकलं नाही. दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक सरकारी रुग्णालयातच दाखल होतात. पैसेवालाही मोठ्या आजारात तिकडे वळतो. गावागावात सरकारी सुईण असते, ती गरोदर बाईच्या घरी जाते, बाळाचं वजन करते, लसीची तारीख सांगते. या साध्या कामाच्या जोरावर बाळंतपणात दगावणाऱ्या मातांचं प्रमाण त्यांनी लाखामागे ३० च्या आसपास आणलं, त्याच सुमारास आपल्याकडे ते १०० च्या घरात होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश मलेरियामुक्त झाल्याचं जाहीर केलं. आणि हे सगळं सरकार करत होतं राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास खर्चात.

इतक्या कमी पैशात इतकं चांगलं, याचं आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण काटकसरीच्या घरात पिठाचा डबा कधी उतू जात नाही. जास्तीचा साठा, जास्तीची माणसं, दुसरा पुरवठादार, यातलं काहीच त्या व्यवस्थेत फारसं नव्हतं. नेहमीच्या दिवसांत त्याला कार्यक्षमता म्हणतात.

डॉलर कुठे गेले

श्रीलंकेची डॉलरची कमाई मुख्यतः चार वाटांनी येते: चहा, कपडे, पर्यटक आणि परदेशात राबणाऱ्या लोकांनी घरी पाठवलेले पैसे. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले, पर्यटक आटले. डिसेंबरमध्ये नव्या सरकारनं करांवर कुऱ्हाड चालवली, व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. तिजोरी रिकामी होताना पाहून बाहेरच्या सावकारांनी हात आखडता घेतला. मग कोरोना. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली आणि शेती बसली. त्यात डॉलरचा सरकारी भाव २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास दाबून धरलेला, बाहेर मात्र जास्त मिळत होता. साहजिकच आखातातला माणूस घरचे पैसे बँकेऐवजी हवालानं पाठवू लागला. तिकडे त्याला उंडियल म्हणतात, आपल्या हुंडीचीच सख्खी बहीण. घरच्यांना पैसे मिळत होते, देशाला डॉलर मिळत नव्हते.

२०१९ च्या शेवटी परकीय गंगाजळी साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास होती. मे २०२२ च्या सुरुवातीला अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की हाताशी वापरता येण्याजोगे डॉलर ५ कोटीसुद्धा उरले नाहीत. सव्वादोन कोटींच्या आत-बाहेर लोकसंख्या, म्हणजे माणशी दोन-सव्वादोन डॉलर. त्यातून पेट्रोल, गॅस, गहू, कोळसा, दुधाची पावडर आणि औषधं. त्याआधीच, १२ एप्रिलला, परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं सरकारनं जाहीर केलं होतं. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच.

इथे एक गोष्ट नीट धरून ठेवा. सरकारला रुपयांची अडचण तेवढी जीवघेणी नसते, कारण रुपये छापता येतात, आणि त्यांनी ते भरपूर छापलेही. महागाई सप्टेंबर २०२२ मध्ये ७० टक्क्यांना टेकली ती काही उगाच नाही. डॉक्टरांचा पगार, वॉर्डबॉयचा पगार, रुग्णालयाचं वीजबिल रुपयांत भागतं. निओस्टिग्मिन रुपयांत येत नाही. देशातली ८० टक्क्यांहून जास्त औषधं बाहेरून येतात, त्यातली बरीच भारतातून, आणि जी देशात बनतात त्यांचाही कच्चा माल बाहेरचाच.

एका ऍम्प्यूलचा प्रवास

तिथली पद्धत अशी. सगळ्या सरकारी रुग्णालयांची वर्षाची गरज आरोग्य खात्याचा औषध पुरवठा विभाग मोजतो. खरेदी करतं सरकारी औषध महामंडळ: टेंडर निघतं, छाननी होते, ऑर्डर जाते, कारखान्यात माल तयार होतो, जहाजावर चढतो, कोलंबोत उतरतो, गोडाऊनला जातो, तिथून रुग्णालयाच्या स्टोअरला. मोजणीपासून वॉर्डातल्या कपाटापर्यंत वर्षाच्या आसपास काळ लोटतो. म्हणजे आज जी बाटली उघडली, तिची व्यवस्था कुणीतरी गेल्या वर्षी केलेली असते. म्हणून तंगी सुरू झाल्या-झाल्या रुग्णालयात काही जाणवत नाही. आधी गोडाऊन खाल्लं जातं, मग जिल्ह्याचं स्टोअर, मग वॉर्डातलं कपाट. आणि पुढे डॉलर आले तरी औषधं लगेच येत नाहीत, कारण मधलं एक वर्ष कुणी ऑर्डरच भरू शकलेलं नसतं. राष्ट्राध्यक्ष जुलै २०२२ मध्ये देश सोडून पळाले, रस्ते शांत झाले, पेट्रोलच्या रांगा ओसरल्या. औषधांची रड २०२३ मध्येही चालूच होती.

या साखळीत नेमकं तुटलं ते एलसीचं कडं. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, व्यापाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. समजा हैदराबादच्या कारखानदारानं कोलंबोला माल पाठवायचा आहे. तो विचारतो, पैसे बुडाले तर? मग खरेदीदाराची बँक लेखी हमी देते: मालाची कागदपत्रं दाखवा, डॉलर आम्ही देऊ. कारखानदार त्या कागदाच्या भरवशावर माल सोडतो. आता त्या बँकेकडेच डॉलर नाहीत आणि तिच्या देशानं कर्ज बुडवल्याचं पेपरात छापून आलंय. अशा हमीला कुणी हात लावत नाही. रोख आधी, माल नंतर, असं सांगतात. टेंडर मंजूर, बजेट मंजूर, फाईलवर सह्या झालेल्या, आणि ऍम्प्यूल कारखान्यातच.

मग बाहेरच्या मेडिकलमध्ये तरी मिळावी? तिथे दुसरंच गणित अडलं. औषधांच्या कमाल किमती सरकारनं बांधून दिलेल्या होत्या. आयातदाराला एक डॉलरचा माल २०० रुपयांना पडत होता तेव्हा ठीक होतं. ७ मार्च २०२२ नंतर रुपया मोकळा सोडला आणि मेपर्यंत डॉलर ३६० च्या पुढे गेला. कमाल किंमत जुनी, खरेदी नवी: प्रत्येक खोक्यामागे घाटा. असा धंदा कोण करेल? सरकारनं मार्चमध्ये किमती २९ टक्के वाढवून दिल्या, एप्रिलअखेर ६० औषधांच्या आणखी ४० टक्के. दुकानात माल थोडाफार परतला, पण तोवर गिऱ्हाइकाचा खिसा फाटला होता.

काही लोक तेव्हा म्हणायचे, हे फुकट देण्याचं फळ आहे. मला हे पटत नाही. उलट फुकट देणं परवडत होतं तेच मुळी या एकगठ्ठा खरेदीमुळे. १९७१ मध्ये, परकीय चलनाची अशीच चणचण असताना, सेनक बिबिले नावाच्या औषधशास्त्राच्या प्राध्यापकाच्या आखणीनुसार हे महामंडळ उभं राहिलं. ब्रँडची भाराभर नावं बाजूला ठेवायची, नेमकी लागणारी औषधं मूळ नावानं, जगभर टेंडर काढून, देशासाठी एकदाच घ्यायची. डॉलर वाचवायचा हा पहिल्या प्रतीचा उपाय होता. फक्त एकच दार असलं की मालही एकाच दारातून येतो आणि अडतोही एकाच दारात. बिबिलेंचा दोष नाही तो. नंतरच्या पन्नास वर्षांत देशात कारखाने पुरेसे का उभे राहिले नाहीत, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

वॉर्डात काय दिसतं

श्रीलंकेचं आरोग्य खातं औषधांची तीन गटांत वाटणी करतं: जीवरक्षक, आवश्यक, आणि ज्यांच्यावाचून भागेल अशी. टंचाईत पहिल्या गटासाठी पैसा राखून ठेवतात. हे शहाणपणाचंच आहे. पण त्यामुळे पत्रकार परिषदेत ‘जीवरक्षक औषधं थोडीच कमी आहेत’ असं खरं बोलूनही वॉर्डातली परिस्थिती झाकता येते. रुग्णालय औषधांवर जितकं चालतं तितकंच टाक्यांच्या दोऱ्यावर, रक्ततपासणीच्या रसायनावर, कॅथेटरवर आणि नळ्यांवर चालतं. प्रतिजैविक आहे, पण कुठलं द्यायचं हे सांगणाऱ्या कल्चरचं रसायन नाही, तर मग अंदाजपंचे.

नळ्यांचंच घ्या. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला श्वास घेता येत नाही, तेव्हा त्याच्या श्वासनलिकेत एक नळी घालतात. बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जरा जाड, मऊ प्लास्टिकची. एका बाळाला वापरली की टाकायची, कारण आत कफ आणि जंतू साठतात आणि इतक्या बारीक भोकातून ते पूर्ण निघतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये नवजात बाळांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी या नळ्या संपत आल्याचं लिहून कळवलं, आणि वापरलेल्या नळ्या टाकू नका, स्वच्छ आणि निर्जंतुक करून ठेवा, पुन्हा लागतील, असं सहकाऱ्यांना सांगावं लागल्याचंही. हे लिहिणाऱ्याला त्यातला धोका सगळ्यांत जास्त माहीत होता. नळीच नसेल तर बाळ काही मिनिटंच राहणार, इतका साधा तो हिशोब होता. त्याच आठवड्यात श्रीलंका मेडिकल असोसिएशननं राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून बजावलं की पुरवठा सुरळीत झाला नाही तर थोड्याच दिवसांत तातडीचे उपचारही बंद पडतील.

तिकडे मार्चअखेर दिवसाला तेरा तास वीज जात होती. रुग्णालयाला जनरेटर असतो, पण जनरेटर डिझेल पितो आणि डिझेलही डॉलरनंच येतं. जूनच्या शेवटी सरकारनं दोन आठवडे अत्यावश्यक सेवा सोडून बाकी कुणालाही इंधन विकणं थांबवलं. डॉक्टर-नर्स अत्यावश्यकच, पण पंपावर रांग त्यांनाही होती. सुईणबाईंची स्कूटर उभी राहिली की गरोदर बाईच्या घरची फेरी चुकते. ती चुकल्याची बातमी कुठे छापून येत नाही.

आता कुरुनेगलाजवळच्या एखाद्या गावातला साठीचा मधुमेही डोळ्यांसमोर आणा. माणूस काल्पनिक आहे, त्याची वाट खरी. महिन्यातून एकदा सरकारी क्लिनिक, हातात वही, रांग, तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या फुकट. आता तो जातो तेव्हा तीन गोळ्यांपैकी एक मिळते, बाकीच्या दोन चिठ्ठीवर. ‘बाहेरून आणा’ ही चिठ्ठी आपल्याकडच्या सिव्हिलमध्ये उभं राहिलेल्याला वेगळी समजवावी लागत नाही. पण आपल्याला ती सवयीची, त्याला धक्का. आयुष्यभर त्यानं औषधासाठी पाकीट उघडलेलं नाही. क्लिनिकला यायला बसचं भाडं वाढलंय, तांदूळ महागलाय. मग तो अख्ख्या पट्टीऐवजी चार-चार गोळ्या विकत घेतो, एक गोळी अर्धी करून दोन दिवस पुरवतो. तो रुग्णालयात दगावत नाही, त्यामुळे टंचाईच्या कुठल्या आकड्यात येत नाही. काही वर्षांनी मूत्रपिंडं थकली की डायलिसिसच्या रांगेत दिसेल, आणि केसपेपरवर लिहिलेलं असेल ‘मधुमेह, जुना’.

मदत, आणि घाईची खरेदी

पेराडेनियाची बातमी आली तेव्हा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर कोलंबोतच होते. ती वाचून अस्वस्थ झाल्याचं त्यांनी ट्विटरवर लिहिलं आणि काय मदत करता येईल ते बघायला आपल्या उच्चायुक्तांना सांगितलं. एप्रिलअखेर नौदलाचं ‘घडियाल’ जहाज १०७ प्रकारची, ७६० किलोंहून जास्त औषधं घेऊन कोलंबोला लागलं. सव्वादोन कोटी लोकांसाठी ७६० किलो किती, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा; पण ज्या वॉर्डात ती ऍम्प्यूल पोचली तिथे तो हिशोब कुणी केला नसेल. खरा आधार होता त्याआधी १७ मार्चला झालेल्या कराराचा: मुंबईत मुख्यालय असलेल्या स्टेट बँकेमार्फत १ अब्ज डॉलरची पत, अन्न, औषधं आणि जीवनावश्यक वस्तूंसाठी. डॉलर कोलंबोला द्यायचेच नाहीत, भारतातल्या पुरवठादाराला इथेच पैसे चुकते करायचे आणि माल तिकडे. अडलेल्या एलसीला घातलेली ही बगल होती, आणि चांगली होती. परदेशात राहणारे श्रीलंकन डॉक्टरही खोकी भरभरून पाठवत होते. अशा मदतीची एक गोची असते. द्यायला जे असतं ते येतं, लागतं ते येतंच असं नाही.

मग आली घाई. नवीन औषध देशात आणायचं तर नियामकाकडे नोंदणी लागते, कागद तपासले जातात, वेळ जातो. टंचाईत नोंदणीतून सूट देऊन तातडीची खरेदी करायची सोय आहे, आणि ती लागतेच. पण पाण्याची तोटी सोडली की गाळही येतो. २०२३ मध्ये भारतातून, गुजरातमधून गेलेल्या डोळ्यांच्या थेंबांमुळे काही रुग्णालयांतल्या रुग्णांच्या डोळ्यांना संसर्ग झाला. ती लाज आपल्याही पदरात आहे. त्याच वर्षी प्रतिकारशक्तीच्या गंभीर आजारांत वापरायचं इम्युनोग्लोब्युलिन निकृष्ट निघालं. त्याच्या खरेदीतल्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून माजी आरोग्यमंत्री केहेलिया रंबुकवेला यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये अटक झाली. औषध नसणं वाईटच. पण असून ते खोटं निघालं तर डॉक्टरला वाटत राहतं की आपण उपचार करतोय.

मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीनं सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, बँकांची हमी पुन्हा चालू लागली, गोडाऊनमध्ये हळूहळू खोकी येऊ लागली. तोवर दुसरंच काही निघून गेलं होतं. डॉक्टरचा पगार रुपयांत तेवढाच राहिला आणि डॉलरमध्ये जवळजवळ निम्मा झाला. करही वाढले. जून २०२२ मध्ये सरकारनं आपल्याच नोकरांना पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजा देऊ केली, परदेशात कमवा आणि डॉलर घरी पाठवा म्हणून. निवृत्तीचं वय ६५ वरून ६० वर आणायचं ठरलं, तेव्हा ज्येष्ठ तज्ज्ञ एकदम बाहेर पडण्याची वेळ आली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तरुण तज्ज्ञांची तर सोय व्यवस्थेनंच करून ठेवलेली. श्रीलंकेत तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळण्याआधी साधारण वर्षभर परदेशातल्या रुग्णालयात काम करणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. चांगल्या काळात ही दूरदृष्टी होती: बाहेरचं शिकून ये, इथे लाव. वाईट काळात सरकारनंच ज्याला ब्रिटनला किंवा ऑस्ट्रेलियाला पाठवलं, तो तिथून घरच्यांशी फोनवर बोलताना परतीची तारीख पुढे ढकलत राहिला. बॉण्ड, म्हणजे परत न आल्यास भरायची रक्कम, चुकवायला पैसे लागतात, पण तिकडच्या पगारातून ते फिटतात.

२०२३ मध्ये काही रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुन्हा रखडू लागल्या. या वेळी अडलं होतं भूलतज्ज्ञांवाचून. निओस्टिग्मिन किती द्यायचं आणि कोणत्या क्षणी, हे ज्यांच्या हाताला कळतं ती हीच माणसं. एमबीबीएसच्या पहिल्या दिवसापासून असा एक हात तयार व्हायला बारा-तेरा वर्षं लागतात, आणि त्याची एलसी कुठलीच बँक उघडत नाही.